सोयूझमधली तिसरी खुर्ची

मार्च २००१. ह्यूस्टनच्या जॉन्सन अंतराळ केंद्रात तीन माणसे प्रशिक्षणासाठी दाखल झाली. तल्गत मुसाबायेव हा मोहिमेचा कमांडर, युरी बातुरिन हा फ्लाइट इंजिनिअर आणि तिसरा डेनिस टिटो, कॅलिफोर्नियातला साठ वर्षांचा गुंतवणूक सल्लागार. पुढच्या महिन्यात तिघेही सोयूझ यानातून आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर जाणार होते. नासाच्या अधिकाऱ्यांनी मुसाबायेव आणि बातुरिन यांना आत घेतले आणि टिटोला सांगितले, की तुम्हाला इथे प्रशिक्षण मिळणार नाही. त्यावर मुसाबायेवने हटवादीपणा दाखवला. आमचा तिसरा गडी बाहेर राहणार असेल तर आम्हीही आत येत नाही, असे म्हणून तो आपल्या माणसांना घेऊन सरळ हॉटेलवर निघून गेला.

टिटोने तिकीट काढले होते. किंमत अधिकृतपणे कोणी सांगितली नाही. पण सगळीकडे छापला गेला तो आकडा दोन कोटी डॉलरचा, म्हणजे तेव्हाच्या दराने नव्वद कोटी रुपयांहून अधिक. तिकीट विकणारा रशिया, घेणारा अमेरिकी, आणि ‘हे विकायचे नसते’ असे दोघांना बजावणारी संस्था अमेरिकेची. शीतयुद्धाच्या काळात वाढलेल्या वाचकाला यातली गंमत वेगळी सांगायला नको.

धनिकांच्या अंतराळसहली की जनतेच्या पैशांतून संशोधन, हा वाद हल्ली रंगतो तेव्हा एका बाजूला अब्जाधीश उभे केले जातात आणि दुसऱ्या बाजूला सरकार. पण वादाला जिथून तोंड फुटले, तिथे ही वाटणी जुळत नाही. टिटोच्या तिकिटामागे कुठल्याही खासगी कंपनीचे रॉकेट नव्हते. यान सरकारी, तळ सरकारी, स्थानक सरकारी. विक्रीला निघाली होती ती सरकारी यानातली एक रिकामी खुर्ची, आणि ती विकावी लागली कारण सरकारच्या तिजोरीत खडखडाट होता.

टिटो स्वतःही एका अर्थाने सरकारी खर्चानेच घडलेला माणूस. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात इटलीहून आलेल्या कुटुंबात १९४० साली त्याचा जन्म झाला. स्पुटनिक आकाशात गेला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. त्याने विमान आणि अंतराळ अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि नासासाठी काम करणाऱ्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत नोकरी धरली. मंगळाकडे गेलेल्या मरिनर यानांचे मार्ग आखणाऱ्यांत तो होता. मरिनर-४ ने जुलै १९६५ मध्ये मंगळाची जवळून घेतलेली पहिली छायाचित्रे पाठवली. पण सरकारी पगारात मन रमेना, म्हणून तो वित्तव्यवसायात शिरला. यानाचा मार्ग काढताना अनिश्चितता मोजायची जी गणिते वापरत, तीच त्याने शेअरबाजारातली जोखीम मोजायला लावली. १९७२ मध्ये त्याने विल्शायर असोसिएट्स ही कंपनी काढली. अमेरिकी शेअरबाजाराचा विल्शायर ५००० हा निर्देशांक तिचाच. करदात्यांच्या पैशांवर शिकलेल्या गणिताने त्याला श्रीमंत केले, आणि त्या श्रीमंतीतून तो करदात्यांनी बांधलेल्या यानात जागा घ्यायला निघाला. दोष द्यावा असे यात काही नाही. पण ‘स्वकष्टार्जित पैशांतून’ ही कथा सांगताना मधला एवढा टप्पा सहसा गाळला जातो.

बिगर-अंतराळवीराला वर पाठवायचे नाही, असा काही नासाचा पूर्वापार नियम नव्हता. एप्रिल १९८५ मध्ये युटाचा सिनेटर जेक गार्न नासाच्या शटल यानातून जाऊन आला. नासाच्या खर्चाला मंजुरी देणाऱ्या उपसमितीचा तो अध्यक्ष होता, हे त्याच्या निवडीचे खरे कारण. वर गेल्यावर त्याला इतकी मळमळ झाली, की अंतराळातल्या आजारपणाचे माप म्हणून ह्यूस्टनमध्ये गमतीने ‘गार्न’ हे एकक रूढ झाले. त्याच वर्षी जूनमध्ये सौदी राजपुत्र सुलतान बिन सलमान गेला. जानेवारी १९८६ मध्ये फ्लोरिडाचा खासदार बिल नेल्सन जाऊन आला. तो पुढे नासाचा प्रमुखही झाला. नेल्सन परतला आणि दहाच दिवसांनी चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटले. त्यात शाळाशिक्षिका क्रिस्टा मॅकऑलिफ होती. त्यानंतर नासाने पाहुण्यांसाठी दार बंद केले ते बराच काळ. म्हणजे पैसे देऊन कोणी गेले नव्हते, एवढेच. पद, वजन आणि वशिला यांच्या जोरावर गेलेले होते.

सोव्हिएत संघाची रीत आणखी वेगळी. इंटरकॉसमॉस कार्यक्रमाखाली मित्रदेशांच्या वैमानिकांना सोयूझमधली एक जागा मिळे. ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा गेले ते असेच. हा मैत्रीचा व्यवहार होता, पावती फाडण्याचा नव्हता. पावती फाडायला सुरुवात झाली ती गोर्बाचेव्हच्या सत्तेच्या अखेरच्या दिवसांत. २ डिसेंबर १९९० रोजी टोयोहिरो अकियामा हा जपानी पत्रकार मीर या सोव्हिएत अंतराळस्थानकाकडे निघाला. त्याचे पैसे टीबीएस या दूरचित्रवाणी कंपनीने भरले होते आणि रॉकेटवर जपानी कंपन्यांची चिन्हे रंगवली होती. अकियामा हा पट्टीचा धूम्रपान करणारा. वर त्याची तब्येत बिघडली आणि सिगारेटची आठवण छळत राहिली, हे त्याने जगाला थेट प्रक्षेपणात सांगितले. पुढे त्याने नोकरी सोडली आणि फुकुशिमा प्रांतात सेंद्रिय शेती सुरू केली. २०११ च्या अणुदुर्घटनेने ती जमीनही त्याला सोडावी लागली.

अकियामानंतर सहा महिन्यांच्या आत हेलन शार्मन गेली. ती ब्रिटनची पहिली अंतराळवीर. व्यवसायाने मिठाई बनवणाऱ्या कंपनीत रसायनतज्ज्ञ. ‘अंतराळवीर पाहिजे, अनुभवाची गरज नाही’ अशा आशयाच्या जाहिरातीला तेरा हजारांवर अर्ज आले होते. खर्च ब्रिटिश उद्योगांनी वर्गणी काढून करायचा, सरकारने एक पेनीही द्यायची नाही, असा बेत होता. उद्योगांनी हात आखडता घेतला. वर्गणी जमलीच नाही. मोहीम रद्द व्हायची वेळ आली तेव्हा मॉस्कोने बराचसा भार स्वतः उचलला आणि मुलीला वर नेले. खासगी पैशांवर उभी राहणार म्हणून गाजलेली ही मोहीम अखेर सोव्हिएत जनतेच्या खर्चाने पार पडली. ज्या देशाला स्वतःच्या दुकानांत पाव भरता येत नव्हता, त्या देशाच्या.

शार्मनच्या यानात सर्गेई क्रिकाल्योव हा फ्लाइट इंजिनिअर होता. १८ मे १९९१ रोजी ते निघाले. आठ दिवसांनी शार्मन खाली आली. क्रिकाल्योव मीरवर राहिला. ऑक्टोबरमध्ये दुसरा इंजिनिअर येईल आणि आपण उतरू, असे त्याच्या वेळापत्रकात लिहिले होते. पण पैशांअभावी दोन उड्डाणे एकत्र करावी लागली. २ ऑक्टोबरच्या सोयूझमध्ये तीन खुर्च्या. एक कमांडर वोल्कोवची. दुसरी ऑस्ट्रियाने मोल देऊन घेतलेली, त्यांच्या फ्रान्झ फीबॉकसाठी. तिसरी कझाकिस्तानच्या तोक्तार औबाकिरोवला द्यावी लागली, कारण बैकानूरचा तळ कझाकी भूमीवर आणि कझाकिस्तान स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर. औबाकिरोव निष्णात वैमानिक होता, पण महिनोन्महिने स्थानक सांभाळण्याचे प्रशिक्षण त्याला नव्हते. एक खुर्ची विकली गेली, एक राजकारणात गेली; क्रिकाल्योवच्या जागी बसायला माणूसच उरला नाही. तू आणखी थांब, असे त्याला खालून सांगण्यात आले आणि तो थांबला. २५ मार्च १९९२ रोजी तो उतरला तेव्हा त्याला पाठवणारा देश नकाशावर नव्हता आणि त्याच्या जन्मगावाचे नाव लेनिनग्राडचे सेंट पीटर्सबर्ग झाले होते. ३११ दिवस तो वर होता.

‘सोव्हिएत संघाचा अखेरचा नागरिक’ म्हणून क्रिकाल्योवची गोष्ट भावुकपणे सांगितली जाते. मला तिच्यातले खुर्च्यांचे गणित जास्त महत्त्वाचे वाटते. सोयूझमध्ये तीनच माणसे मावतात. त्यातली एक जागा बाहेरच्याला दिली, की आतल्या कोणाला तरी त्याची भरपाई करावी लागते. १९९१ मध्ये ती एका इंजिनिअरने स्वतःच्या हाडांनी आणि स्नायूंनी केली.

पुढची दहा वर्षे रशियन अंतराळ कार्यक्रमाने काय काय विकले, याची यादी करमणूक करणारी आहे आणि थोडी लाज वाटायला लावणारीही. १९९६ मध्ये मीरच्या बाहेर अंतराळवीरांनी पेप्सीच्या डब्याची भलीमोठी प्रतिकृती फुगवली. १९९७ मध्ये मीरवरच्या अंतराळवीराने एका इस्रायली डेअरीच्या जाहिरातीसाठी दूध प्यायले. बैकानूरचे भाडे कझाकिस्तानला द्यायचे ते वर्षाला साडेअकरा कोटी डॉलर. नासाने शटल आणि मीर यांच्या संयुक्त मोहिमांसाठी सुमारे चाळीस कोटी डॉलर दिले. त्यावर मीर तगले. १९९७ च्या फेब्रुवारीत मीरवर आग लागली, जूनमध्ये मालवाहू यान येऊन आदळले, तरी ते चालू राहिले.

नव्या आंतरराष्ट्रीय स्थानकाची कथाही अशीच गुंत्याची. त्याचा पहिला भाग ‘झार्या’ नोव्हेंबर १९९८ मध्ये वर गेला. बांधला मॉस्कोच्या कारखान्यात, पैसे अमेरिकेचे, त्यामुळे मालकीही अमेरिकेची. राहण्याची सोय असलेला ‘झ्वेझ्दा’ हा भाग मात्र रशियाने स्वखर्चाने द्यायचा होता. त्याचा मूळ सांगाडा ऐंशीच्या दशकात मीर-२ साठी तयार करून ठेवलेला. पैशांअभावी तो सुमारे दोन वर्षे रखडला. जुलै २००० मध्ये तो एकदाचा निघाला तेव्हा त्याला उचलणाऱ्या प्रोटॉन रॉकेटवर पिझ्झा हटचे चिन्ह होते.

नासाचे म्हणणे असे, की आता मीर पाडा आणि आहे तेवढा पैसा व माणूसबळ नव्या स्थानकाला द्या. एनर्जिया या रशियन यानबांधणी कंपनीला ते मानवेना. मीर त्यांचे होते, नवे स्थानक भागीदारीतले. २००० साली मीरकॉर्प नावाची कंपनी उभी राहिली. साठ टक्के हिस्सा एनर्जियाचा आणि सुरुवातीचा पैसा वॉल्ट अँडरसन या अमेरिकी दूरसंचार उद्योजकाचा. मीर भाड्याने घ्यायचे आणि चित्रवाणीवरच्या स्पर्धेचे विजेते, धनिक, जाहिरातदार अशांना तिथे न्यायचे, असा तिचा धंदा. एप्रिल २००० मध्ये तिच्या पैशांवर झाल्योतिन आणि कालेरी हे दोन अंतराळवीर रिकाम्या मीरवर गेले आणि ७३ दिवस राहून, डागडुजी करून परतले. खासगी पैशांवर झालेली ती पहिली मानवी अंतराळमोहीम. सरकारचे काम नसताना सरकारची माणसे, सरकारच्या यानातून, सरकारच्या स्थानकावर गेली, एवढाच तिचा खासगीपणा. (अँडरसनचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. २००५ मध्ये त्याला करचुकवेगिरीबद्दल अटक झाली. एका व्यक्तीने केलेल्या करचुकवेगिरीचे इतके मोठे प्रकरण अमेरिकेत क्वचितच झाले असेल. त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला नऊ वर्षांची शिक्षा झाली.)

जून २००० मध्ये मीरकॉर्पने आपला पहिला गिऱ्हाईक जाहीर केला: डेनिस टिटो. पण कंपनीला पैसा पुरला नाही आणि रशियन सरकारने मीर पाडायचे ठरवले. २३ मार्च २००१ रोजी, ह्यूस्टनमधला तो वाद अजून ताजा असताना, पंधरा वर्षे जुने ते स्थानक दक्षिण प्रशांत महासागरात कोसळवण्यात आले. टिटो मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत महिनोन्महिने राहून सराव करत होता. त्याचे मुक्कामाचे ठिकाणच बुडाले. एनर्जियाने त्याचा करार नव्या स्थानकाकडे वळवला. व्हर्जिनियातल्या स्पेस ॲडव्हेंचर्स या कंपनीने मध्यस्थी केली.

जागा कुठून आली, तेही पाहण्यासारखे आहे. स्थानकावरच्या माणसांना संकटात पळ काढता यावा म्हणून एक सोयूझ कायम तिथे जोडून ठेवावी लागे. तिचे आयुष्य साधारण सहा महिन्यांचे. त्यामुळे दर सहा महिन्यांनी नवी सोयूझ वर न्यायची, तिथे सोडायची आणि जुनीतून परत यायचे. या फेरीला नावच पडले टॅक्सी. ती चालवायला दोन माणसे पुरत, तिसरी खुर्ची रिकामी जाई. दादरच्या स्टँडवर पुण्याच्या टॅक्सीवाल्याने शेवटच्या सीटसाठी ओरडावे, तसे रशियाचे झाले होते. गाडी निघणारच आहे, जागा मोकळी आहे, घेणारा दारात उभा आहे. जी टॅक्सी पहिल्यांदा निघाली, तिच्यातच टिटो बसला.

नासाची बाजू पोकळ नव्हती. स्थानक अर्धे बांधलेले होते. तिथे तीनच माणसे राहत: युरी उसाचेव, सुझन हेल्म्स आणि जेम्स व्हॉस. अमेरिकी भागातली यंत्रणा टिटो शिकलेला नव्हता. आणीबाणी आली तर एखाद्या अंतराळवीराला काम सोडून त्याला सांभाळावे लागले असते. युरोप, जपान आणि कॅनडा या भागीदारांचीही कुरकुर होती. नासा कधीच नको असे म्हणत नव्हती, आत्ता नको म्हणत होती. मला ती अडचण खरी वाटते. पटत नाही तो तिच्यावर चढवलेला नैतिकतेचा साज. नासाचा प्रमुख डॅन गोल्डिन याने चित्रपट दिग्दर्शक जेम्स कॅमेरूनचे उदाहरण दिले: त्यालाही जायचे आहे, पण तो देशाचा विचार करून थांबायला तयार आहे, म्हणून तो खरा देशभक्त. टिटोच्या शेजारी बसणारा बातुरिन हा अध्यक्ष येल्त्सिनचा माजी सल्लागार होता आणि त्याची १९९८ ची पहिली अंतराळवारी त्याच पुण्याईवर झाली होती, याची आठवण मात्र कोणी काढली नाही.

अखेर तडजोड झाली. टिटोने कागदांवर सह्या केल्या: काही मोडले तर भरपाई मी करीन, मला काही झाले तर वारस दावा लावणार नाहीत. अमेरिकी भागात सोबतीशिवाय जायचे नाही, असेही ठरले. उड्डाणाला चार दिवस उरले असताना भागीदार देशांनी अपवाद म्हणून मान्यता दिली. तेवढ्यात स्थानकावरचे अमेरिकी संगणक बंद पडले आणि एंडेव्हर शटलला तिथला मुक्काम वाढवावा लागेल असे दिसू लागले. नासाने रशियाला उड्डाण पुढे ढकलायची विनंती केली. रशियाने ढकलले नाही. शटल हलल्याशिवाय सोयूझ जोडणार नाही, इतके मात्र कबूल केले.

२८ एप्रिल २००१ रोजी बैकानूरहून सोयूझ टीएम-३२ निघाले. २९ ला एंडेव्हरने स्थानक सोडले, ३० ला सोयूझ येऊन जोडले गेले. टिटो सुरुवातीला आजारी पडला, मग सावरला. त्याने ऑपेरा ऐकला, खिडकीतून पृथ्वी पाहिली, फोटो आणि चित्रफिती काढल्या, स्वयंपाकात हात लावला. तो राहिला तो रशियन विभागात. पण त्या विभागातला झार्या अमेरिकेच्या पैशांचा होता, हे आपण मघाशी पाहिले. ६ मे रोजी तो जुन्या सोयूझमधून कझाकिस्तानात उतरला. एकूण जवळपास आठ दिवस आणि पृथ्वीभोवती १२८ फेऱ्या. आपण स्वर्ग पाहून आलो, असे त्याने उतरल्यावर सांगितले. गोल्डिनने अमेरिकी संसदेसमोर त्याच्यामुळे झालेल्या त्रासाचा पाढा वाचला.

आणि वर्षभराच्या आत नासाने पाहुण्यांसाठी नियम लिहून काढले. एप्रिल २००२ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा मार्क शटलवर्थ गेला. त्याला ह्यूस्टनमध्ये सराव करू दिला, प्रयोगही करू दिले. त्याच वर्षी एका लोकप्रिय अमेरिकी बँडचा गायक लान्स बास स्टार सिटीत सराव करत होता. त्याच्या पुरस्कर्त्यांचे पैसे आले नाहीत आणि रशियाने त्याला बाहेर काढले. हेलन शार्मनच्या वेळची उदारता आता परवडणारी नव्हती.

१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परतताना फुटले. कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी गेले. शटल अडीच वर्षे जमिनीवर राहिले. या काळात स्थानकावर माणसे नेण्या-आणण्याचे एकच साधन होते, ते म्हणजे सोयूझ. पेप्सी, पिझ्झा, ऑस्ट्रिया, टीबीएस आणि टिटो यांच्या पैशांवर कशीबशी तगलेली तीच यंत्रणा. नव्वदच्या दशकात ती मोडीत निघाली असती तर शंभर अब्ज डॉलरच्या घरातले स्थानक २००३ मध्ये ओस पडले असते, असे मानायला जागा आहे. टिटोच्या दोन कोटींनी ते वाचवले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्या साखळीत त्याचीही कडी होती, एवढे म्हणता येते.

यानंतरचे प्रवासी भराभर सांगून टाकतो. २००५ मध्ये ग्रेगरी ओल्सन, २००६ मध्ये इराणी वंशाची अनुशेह अन्सारी, २००७ आणि पुन्हा २००९ मध्ये सॉफ्टवेअरवाला चार्ल्स सिमोनी, २००८ मध्ये एका नासा अंतराळवीराचा मुलगा रिचर्ड गॅरियट, २००९ मध्ये सर्कसवाला गी लालिबर्ते. मग बारा वर्षे कोणी नाही. धनिक संपले नव्हते, खुर्च्या संपल्या होत्या. स्थानकावरची माणसे सहा झाली, आणि जुलै २०११ मध्ये शटल निवृत्त झाल्यावर नासालाच रशियाकडून जागा विकत घ्याव्या लागल्या. ज्या नासाने टिटोला दारात अडवले, ती आता त्याच खिडकीवर रांगेत उभी होती आणि समोर विकणारा एकटाच. ऑक्टोबर २०२० मध्ये केट रुबिन्स गेली तेव्हा तिच्या एका आसनासाठी अमेरिकी सरकारने नऊ कोटी डॉलर मोजले. टिटोने दिले त्याच्या साडेचारपट.

या परावलंबनातून सुटण्यासाठी नासाने २०१४ मध्ये दोन कंपन्यांना यान बांधायला पैसे दिले: बोइंगला ४.२ अब्ज डॉलर, स्पेसएक्सला २.६ अब्ज. स्पेसएक्सचे ड्रॅगन यान त्यातून उभे राहिले. रशियापुढची लाचारी संपली आणि ड्रॅगनमध्ये चार जागा झाल्या. जागा वाढल्या की गिऱ्हाईक येते. नासाने २०१९ मध्येच स्थानकाचा दरफलक जाहीर केला होता: खासगी पाहुण्याला एका रात्रीचे सुमारे पस्तीस हजार डॉलर, यानाचे भाडे वेगळे. एप्रिल २०२२ मध्ये ॲक्सिअम कंपनीची पहिली सहल गेली. तिघा धनिकांनी प्रत्येकी साडेपाच कोटी डॉलर दिल्याचे छापून आले. त्यांचा कप्तान मायकेल लोपेझ-अलेग्रिया. हा २००६ मध्ये नासाचा अंतराळवीर म्हणून अन्सारीसोबत सोयूझमधून गेला होता.

जुलै २०२१ मधल्या ब्रॅन्सन आणि बेझोस या अब्जाधीशांच्या उड्यांचा मी विस्तार करत नाही. त्यांचा गाजावाजा पुष्कळ झाला. पण दहा-पंधरा मिनिटांत वर जाऊन खाली येणे आणि ताशी अठ्ठावीस हजार किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती फिरणे यांत फार अंतर आहे. त्यातल्या त्यात बेझोसने परतल्यावर आपल्या कंपनीच्या कामगारांचे आणि ग्राहकांचे आभार मानले, की या सगळ्याचे पैसे तुम्ही दिलेत. टीका झाली, पण वाक्य खरे होते. आणखी एक धनिक, जॅरेड आयझॅकमन, स्वतःच्या खर्चाने ड्रॅगनमधून दोनदा जाऊन आला आणि डिसेंबर २०२५ मध्ये थेट नासाचा प्रमुख झाला. गार्नचा प्रवास सत्तेकडून अंतराळाकडे झाला होता, आयझॅकमनचा अंतराळाकडून सत्तेकडे.

ॲक्सिअमच्या धंद्यात मधल्या काळात एक बदल घडला, त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. पाच-सहा कोटी डॉलर देऊन खडतर सराव आणि मळमळ सोसणारे धनिक मोजकेच निघाले. पण स्वतःचे यान नसलेली सरकारे बरीच होती. २५ जून २०२५ रोजी फ्लोरिडाहून ॲक्सिअम-४ निघाले. त्यात शुभांशु शुक्ला होते. राकेश शर्मांनंतर ४१ वर्षांनी अंतराळात जाणारे दुसरे भारतीय नागरिक आणि आंतरराष्ट्रीय स्थानकावर पाऊल ठेवणारे पहिले. इस्रोने या मोहिमेसाठी सुमारे साडेपाचशे कोटी रुपये खर्च केल्याचे सांगितले जाते. गगनयानसाठी अनुभव हवा होता आणि तो विकत मिळत होता. शुक्लांनी तिथे मूग आणि मेथी उगवून पाहिली, इतर प्रयोग केले, आणि १५ जुलैला ते परतले. सोबत पोलंडचा स्लावोश उझनान्स्की-विश्न्येव्स्की होता आणि हंगेरीचा तिबोर कापू. कप्तान पेगी व्हिटसन ही ॲक्सिअमच्या नोकरीतली. श्रीमंतांच्या सहलीसाठी सुरू झालेल्या मार्गावरच्या त्या यानातली एकही जागा कोणा श्रीमंताने घेतलेली नव्हती. तिन्ही तिकिटे तीन देशांच्या करदात्यांनी काढली होती.